मागच्या गॅलीचं पाणी: कामाच्या नोंदी

४ मार्च

सी-चेक या मोठ्या देखभाल तपासणीसाठी सिंगल आइल (मधे एकच वाट असलेलं) जेट हँगरमध्ये लागलंय. आमच्या वाट्याचं काम असं: मागची गॅली, म्हणजे विमानातलं छोटं स्वयंपाकघर, उतरवायची, तिची पाण्याची आणि निचऱ्याची लाइन नव्याने टाकायची, आणि तीन कॉफी मेकरपैकी एकाच्या जागी वॉटर बॉयलर बसवायचा. कागदावर हे चार ओळींत मावतं. पण केबिन लॉग (क्रूने तक्रारी लिहायची वही) चाळला तर याच गॅलीबद्दल वेगवेगळ्या अक्षरांतल्या तक्रारी निघाल्या. डावीकडचा कॉफी मेकर 'नो वॉटर' दाखवतो. सिंकच्या नळाला धार नाही. कॉफीला कुबट वास येतो. ट्रॉलीखालचं मॅट ओलं असतं. उत्तरं ठरलेली: फिल्टर बदलला, होज घट्ट केला, जमिनीवर तपासलं, ठीक आहे.

'जमिनीवर ठीक' याखाली पेन्सिलने रेघ मारून ठेवली. तक्रार हवेतली आणि तपासणी जमिनीवरची, मग सापडणार काय?

५ मार्च

गॅली सोडवायला अजून वेळ आहे, म्हणून आधी ड्रॉइंग घेऊन बसलो. सोबत नवा ट्रेनी आहे, त्याला सांगता सांगता माझीही उजळणी झाली.

या वर्गाच्या विमानात पिण्याच्या पाण्याची टाकी २०० लिटरच्या आसपास असते. एअरबस ए३२० वर ती २०० लिटरचीच आहे. टाकी केबिनच्या फरशीखाली असते. पाणी वर चढवायला बहुतेक ठिकाणी पंप नसतो. टाकीतच पाण्याच्या वर हवेचा दाब देतात. ती हवा इंजिनाची किंवा एपीयूची (शेपटीतल्या छोट्या सहायक इंजिनाची) ब्लीड हवा, म्हणजे त्यांच्यातून काढून घेतलेली दाबाची हवा असते, नाहीतर छोट्या कॉम्प्रेसरची. रेग्युलेटर तो दाब साधारण २५ पीएसआयवर (चौरस इंचाला पौंड, दाबाचं एकक) धरतो. टाकीतून निघालेली मुख्य लाइन पुढच्या-मागच्या गॅल्यांना आणि टॉयलेटच्या बेसिनना जाते. गॅलीत शिरताच शटऑफ व्हॉल्व्ह, मग फिल्टर, मग फाटे: सिंकचा नळ, कॉफी मेकर, बॉयलर.

ट्रेनीने विचारलं, "एवढा दाब पुरतो का?" हिशोब करून दाखवला. पाणी एक मीटर वर चढवायला साधारण १.४ पीएसआय लागतात. टाकीपासून गॅलीचा ओटा दोन मीटर वर धरला तरी तीनच्या आत खर्च झाला. बावीस पीएसआय हातात उरतात. म्हणजे धार बारीक असेल तर दोष दाबाचा नाही, वाटेत काहीतरी अडलंय.

टाकी नेहमी काठोकाठ भरत नाहीत, हेही त्याला नवं होतं. २०० लिटर म्हणजे २०० किलो, आणि ते वजन उचलून नेण्याचं इंधन दर तासाला जळत राहतं. लांबच्या आणि जवळच्या फेरीला पाणी वेगवेगळं भरतात.

८ मार्च

गॅली उतरली. फरशीतले हार्ड पॉइंट, वरचे टाय रॉड, विजेचे प्लग, पाण्याची एक आणि निचऱ्याची एक जोडणी सोडली की हे अख्खं कपाट एकसंध बाहेर येतं. अपघाताच्या वेळी पुढच्या दिशेने ९ जी, म्हणजे वजनाच्या नऊपट जोर, सोसेल अशा बेताने बांधलेलं असतं, त्यामुळे बोल्ट सोडवायलाच अर्धा दिवस गेला.

खालचं दृश्य अपेक्षेपेक्षा वाईट. फ्लोअर पॅनेलच्या सांध्यातलं सीलंट सुटलेलं, त्यात कॉफीचा चोथा आणि दुधाचा पिवळट चिकट थर. पॅनेल उचललं तर आडव्या बीमच्या वरच्या कडेला पांढरी भुकटी. ॲल्युमिनियम खाल्लं गेलंय. गॅली आणि टॉयलेट यांच्याखालचे बीम गंजतात हे जुनंच दुखणं आहे, स्ट्रक्चरवाले सर्वांत आधी तिथेच टॉर्च मारतात. त्यांनी मोजमाप घेतलं. घासून काढल्यावर जाडी मर्यादेत राहील, बीम बदलावा लागणार नाही, असं सध्या तरी म्हणतायत.

चिकट थरावरून एवढं नक्की झालं की हे नळाचं पाणी नाही, वापरून झालेलं आहे. गळती येणाऱ्या लाइनची नव्हे, जाणाऱ्या लाइनची.

९ मार्च

आजचा सगळा दिवस निचऱ्याच्या लाइनमागे. या कामातला खरा किडा इथेच आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

टॉयलेटच्या कमोडमधलं व्हॅक्यूमने ओढून वेगळ्या टाकीत जातं. गॅलीच्या सिंकचं आणि हात धुण्याचं पाणी बहुतेक विमानांत थेट बाहेर सोडतात, पोटाखालच्या ड्रेन मास्टमधून. मास्ट म्हणजे पंखासारखं छोटं पातं. पाणी विमानाच्या त्वचेपासून लांब फेकलं जावं म्हणून ते बाहेर काढलेलं असतं. बाहेर उणे पन्नास, म्हणून त्याच्या आत हीटर. हवेत पूर्ण विजेवर, जमिनीवर कमी विजेवर, कारण जमिनीवर पूर्ण तापला तर कुणाचा हात भाजेल. गोठू शकणारं पाणी बाहेर सोडायचं असेल तर विमानावर धोकादायक बर्फ साचता कामा नये, हे अमेरिकी नियम २५.१४५५ मध्ये आहे आणि युरोपच्या सीएस-२५ या नियमावलीतही त्याच क्रमांकाखाली.

घरच्या सिंकखाली पाण्याचा सापळा, म्हणजे पाणी अडून राहणारं नळीचं वळण, असतो, तसा इथे चालत नाही. आत केबिनचा दाब, बाहेर फारच कमी दाब. सात-आठ पीएसआयचा फरक सापळ्यातलं पाणी एका क्षणात बाहेर ओढेल आणि पाठोपाठ केबिनची हवा शिटी मारत निघून जाईल. म्हणून सिंकखाली एक झडप असते. तिच्यावर थोडं पाणी साचलं की वजनाने उघडते, पाणी गेलं की मिटते. आमची झडप काढून पाहिली. रबरी ओठावर दुधाचा थर, त्यामुळे पुरती मिटत नव्हती. पण तेवढ्याने फरशी ओली होणार नाही.

मग मास्टचा हीटर. जमिनीवरच्या पुरवठ्यावर हात लावला तर कोमट लागतो. मागच्या तपासण्यांत एवढ्यावरच 'ठीक' लिहिलं असणार. इलेक्ट्रिकलवाल्यांनी रेझिस्टन्स मोजला तर एलिमेंटचा एक भाग तुटलेला. अर्धा हीटर उणे पन्नासला पुरणार नाही. मास्ट बदलायची मागणी टाकली.

हेही पूर्ण उत्तर वाटेना. आमच्यातले सर्वांत जुने तंत्रज्ञ फरशीखाली टॉर्च घेऊन आडवे झाले आणि तिथूनच ओरडले, "अहो, या पाइपाला उतारच नाही!" खाली गेलो. सिंकपासून मास्टपर्यंतचा आडवा पाइप, लांबी दीड मीटरच्या आसपास, मधला क्लॅम्प तुटून पोट खाली आलेलं. डिजिटल लेव्हल लावली. पहिल्या भागात पुढच्या दिशेला दीड अंशाचा उतार आहे, पण पोट उतरल्यामुळे मास्टकडचा भाग जवळजवळ सपाट.

जमिनीवर एवढा उतारही पाणी वाहून नेतो. पण क्रूझमध्ये (उंचीवरच्या सरळ उड्डाणात) विमान सपाट उडत नाही, नाक दोन-अडीच अंश वर असतं. मास्ट मागच्या गॅलीच्या पुढे आहे, म्हणजे पाण्याला जायचंय नाकाच्या दिशेला. अडीच अंश नाक वर म्हणजे त्या दिशेला मीटरमागे ४४ मिलिमीटर चढ. दीड अंशाचा उतार त्यात बुडाला, वर एक अंशाचा चढच पदरात पडला. दाबाच्या फरकामुळे बरंचसं पाणी तरीही ढकललं जातं, पण झडप मिटल्यावर उरलेलं पोटात थांबतं. पाइप तिथे बाहेरच्या त्वचेला लागून जातो. पाणी गोठतं, पुढचं पाणी त्यावर चढून गोठतं, मग सिंकमधलं पाणी सर्वांत कमजोर जोडातून, म्हणजे फरशीतल्या सिलिकॉन होजच्या क्लॅम्पमधून बाहेर येतं. विमान उतरतं, बर्फ वितळतो, तपासणीला येणाऱ्याला सगळं छान वाहताना दिसतं.

मॅटच्या तक्रारीचं मूळ मिळालं. आता 'जमिनीवर ठीक' वर राग राहिला नाही. जमिनीवर ते खरंच ठीक होतं.

ट्रेनीला वाटलं, पाणीच तर आहे, एवढं काय. त्याला जानेवारी २००८ चं प्रकरण सांगितलं. लंडनहून बँकॉकला येणाऱ्या बोइंग ७४७-४०० मध्ये गॅलीच्या निचऱ्यातलं पाणी फरशीखालच्या इलेक्ट्रॉनिक्स कक्षात झिरपलं. ठिबक अडवण्यासाठी लावलेल्या कवचालाच तडे होते. पाणी जनरेटरच्या कंट्रोल युनिटमध्ये गेलं आणि उतरायच्या थोडं आधी विमानाचा बहुतेक मुख्य वीजपुरवठा बंद पडला. विमान सुखरूप उतरलं, कुणाला इजा झाली नाही. ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक सुरक्षा ब्युरोचा त्यावर अहवाल आहे. कारण तेच: सिंकमधून निघालेलं पाणी नको तिथे पोचलं.

१२ मार्च

जुनी पाण्याची लाइन गॅलीच्या पाठीतून काढून टेबलावर मांडली. तीनही कॉफी मेकरना रांगेने पाणी देणारा आडवा पाइप, आणि त्याच्या शेवटी टोपण लावलेला एक फाटा. ड्रॉइंगवर तो नाही. पूर्वी कधीतरी तिथे चौथं उपकरण असावं, ते काढलं आणि नळीच्या तोंडाला टोपण लावून मोकळे झाले.

साठ सेंटिमीटरची, तीन-अष्टमांश इंची नळी. आत पाणी मावतं तीसेक मिलिलिटर. एवढंसंच, पण ते कधीच हलत नाही. कापून पाहिलं. आतल्या भिंतीवर तपकिरी, बुळबुळीत थर, बोट फिरवलं तर नखाखाली अडकणारा. वास तोच, कॉफीच्या तक्रारीतला. कॉफी मेकरने पाणी ओढलं की दाब हलतो आणि या बंद गल्लीतलं थोडंसं मुख्य प्रवाहात मिसळतं. बायोफिल्म (जंतूंचा चिकट थर) एकदा बसली की नुसतं पाणी वाहवून सुटत नाही, आणि निर्जंतुक करायला क्लोरीन सोडलं तरी ते या गल्लीत शिरत नाही, कारण तिथून वाहून बाहेर पडायला वाटच नाही.

फिल्टरचा भाग यात महत्त्वाचा आहे आणि लोक तो विसरतात. गॅलीतल्या फिल्टरमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बन असतो. तो चव सुधारतो, म्हणजेच पाण्यातलं क्लोरीन काढून घेतो. टाकीतल्या पाण्याला क्लोरीनचं जे थोडं संरक्षण असतं ते फिल्टरच्या पलीकडे संपतं. फिल्टरनंतरची नळी जितकी लांब आणि पाणी तिथे जितका वेळ थांबणार, तितकी जोखीम. इथे फिल्टर सुरुवातीलाच होता, आणि त्यानंतर सगळी लांबी, वर ही बंद गल्ली.

फिल्टर काढून पाण्याची धार मोजली. मिनिटाला लिटरही नाही. फिल्टर लावल्यावर त्याहून कमी. शटऑफ व्हॉल्व्हच्या आतल्या जाळीत पांढऱ्या क्षाराचे खडे अडकलेले. जाळी साफ केल्यावर धार तिपटीने वाढली. सिंकची तक्रार इथेच मिटली, त्यावर आणखी लिहिण्यासारखं काही नाही.

१५ मार्च

नवा आराखडा. डोळ्यांसमोर एकच कसोटी ठेवली: शटऑफ बंद करून ड्रेन उघडला की गॅलीत पाण्याचा थेंब उरू नये. येणाऱ्या लाइनचं नियोजन सोपं असतं, २५ पीएसआय पाण्याला कुठेही नेतात. निघताना दाब नसतो, फक्त उतार असतो.

रांगेचा आडवा पाइप रद्द. त्याऐवजी उभा मॅनिफोल्ड (फाटे फुटणारी मुख्य नळी), त्यातून तीन फाटे, प्रत्येक शक्य तितका आखूड. फिल्टर मॅनिफोल्डच्या अगदी आधी, म्हणजे फिल्टरनंतर उरलेलं पाणी काही डझन मिलिलिटरच. न वापरलेलं तोंड ठेवायचं नाही. पुढे कधी उपकरण वाढवायचं झालं तर मॅनिफोल्डच बदलू. ग्राहकाच्या माणसाला हे पटेना, "भविष्यासाठी एक तोंड सोडा ना." टेबलावरचा कापलेला तुकडा त्याच्या हातात दिला. हातात घेऊन हुंगला, मग आराखड्यावर सही केली.

उताराचा घोळ इथेही आहे, पण उलट बाजूने. पिण्याची लाइन रिकामी करतात ती जमिनीवर, म्हणून तिचे उतार जमिनीच्या स्थितीला धरून. सिंकचं पाणी जातं मुख्यतः हवेत, म्हणून निचऱ्याचा पाइप दोन्ही स्थितींत उतरता हवा. आता मास्टकडे जाणाऱ्या पाइपाला चार अंश देतोय. नाक अडीच अंश वर गेलं तरी दीड अंश शिल्लक. चार अंशांसाठी दीड मीटरमध्ये दहा सेंटिमीटरहून जास्त घसरण लागते आणि फरशीखाली एवढी जागा काढायला एका वायर लूमचा (तारांच्या जुडग्याचा) रस्ता हलवावा लागणार. इलेक्ट्रिकलवाल्यांनी नाक मुरडलं, पण मानले.

'नो वॉटर' चं कोडंही आज सुटलं. डावीकडच्या कॉफी मेकरचा जुना होज जागेअभावी आधी वर, मग खाली असा वळवलेला होता. त्या वळणाच्या माथ्यावर हवेचा बुडबुडा बसतो. गॅली रिकामी करून पुन्हा भरली की हवेला बाहेर पडायला रस्ता नाही, धार आधीच बारीक, त्यामुळे बुडबुडा पुढे ढकलला जात नाही. मेकरच्या आतली टाकी भरत नाही, सेन्सर दिवा लावतो आणि हीटर चालू होऊ देत नाही. हीटर कोरडा तापू नये म्हणून ते बरोबरच आहे. बिचाऱ्या मेकरचा दोष काहीच नव्हता, पण केबिन लॉगप्रमाणे तो दोनदा बदलला गेलाय.

१९ मार्च

मास्ट अजून यायचाय. बीम घासून, प्रायमर मारून झाला. जाडी मर्यादेत राहिली.

२३ मार्च

नळ्या तयार केल्या. कडक लाइन स्टेनलेस स्टीलची, उपकरणांच्या पाठीमागे टेफ्लॉनचं अस्तर असलेले वेणीदार होज. बेंडिंग हे निवांत हातांचं काम. वाकवताना नळी चपटी झाली तर टाकून द्यायची, 'चालेल' म्हणायचं नाही. फ्लेअरलेस, म्हणजे नळीचं तोंड न फुगवता जोडायच्या, फिटिंगमध्ये आतली स्लीव्ह नळीत एक बारीक खाच पाडून बसते. नट हाताने लावायचा, मग पान्याने, मग सोडून बघायचं की खाच सगळीकडून सारखी पडलीय का. स्लीव्ह नळीवर फिरली तर चालतं, पुढे-मागे सरकता कामा नये. ट्रेनीला हे बघायला भिंग दिलं. खाच एका बाजूला उथळ पडलेला तुकडा त्यानेच शोधला.

ओ-रिंगला पिण्याच्या पाण्याला मान्य असलेलं वंगणच. डबीवरचं लेबल वाचल्याशिवाय झाकण उघडायचं नाही, हा आमच्या बाकावरचा कायदा.

२७ मार्च

गॅली जागेवर उभी राहिली, इन्सर्ट (कॉफी मेकर, बॉयलर अशी उपकरणं) सरकवले. उपकरणांचे आकार दोन जुन्या युरोपीय गटांनी ठरवून ठेवलेत, ॲटलस आणि केएसएसयू. १९७० च्या आसपास विमान कंपन्यांनी देखभाल आणि सामान वाटून घ्यायला एकत्र येऊन केलेले गट. गट केव्हाच गेले, मापं राहिली. ट्रॉलीपासून कॉफी मेकरपर्यंत सगळं अजून त्यांच्या नावाने मागवतात.

बॉयलर रुळांवर बसला, पण मागे ढकलला की त्याची क्विक कपलिंग मॅनिफोल्डच्या फाट्याला टेकत होती. ड्रॉइंगमध्ये बारा मिलिमीटर मोकळे होते. ते उपकरण लॉक होण्याआधीचे. लॉकचा खटका त्याला आणखी आत ओढतो. फाटा वळवून घेतला. वळवतानाही आधी लेव्हल, मग क्लॅम्प.

३० मार्च

दाब चाचणी. पाणी भरून कामाच्या दाबाच्या दीडपट. प्रत्येक जोडाभोवती कोरडा टिश्यू गुंडाळला आणि जेवायला गेलो. आल्यावर एक टिश्यू ओलसर: सिंकच्या नळाखालचा. वॉशर बदलला, पुन्हा टिश्यू, कोरडा.

मग रिकामं करून पाहिलं. ड्रेन उघडल्यावर पाणी आलं, थांबलं, आणि लाइन अजून भरलेलीच. वरून बोटाने बंद केलेल्या नळीसारखं: हवा शिरल्याशिवाय पाणी सुटत नाही. सिंकचा नळ उघडला की गडगडत रिकामी झाली. टास्क कार्डावर 'नळ उघडा ठेवा' ही ओळ आधीपासून आहे, पण ती ड्रेन उघडण्याच्या पायरीनंतर छापलीय. क्रम बदलायची विनंती पाठवली. कॉफी मेकर आणि बॉयलर यांच्या पोटातलं पाणी मात्र याने निघत नाही. त्यांचे स्वतःचे ड्रेन उघडावे लागतात. थंडीत वीज बंद करून विमान रात्रभर उभं राहणार असेल तर हीच दोन भांडी फुटतात. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं, स्टीलच्या टाकीला ते मानवत नाही.

शेवटी ड्रेन मोकळा केल्यावर खाली भांडं धरलं. आलं ते चमचाभर.

१ एप्रिल

नवा मास्ट आला, लागला. हीटर पूर्ण विजेवर थोडाच वेळ चालवून करंट मोजला, बरोबर. सिंकमध्ये रंगीत पाणी ओतून खाली पोटाजवळ बादली. जॅकवर विमान आहेच, तर नाक अडीच अंश वर करून मिळेल का असं विचारलं. डॉक मॅनेजरने आधी माझ्याकडे नीट पाहिलं, पण लँडिंग गिअरवाल्यांना संध्याकाळी तसंही नाक उचलायचं होतं. त्या वेळेत उरकलं. चार अंशांचा पाइप त्या स्थितीतही शेवटच्या रंगीत थेंबापर्यंत रिकामा झाला.

हवेतला दाबाचा फरक इथे नव्हता, त्यामुळे ही चाचणी खऱ्याहून कडक आहे. कडकच बरी.

३ एप्रिल

निर्जंतुकीकरण. फिल्टरचं कार्ट्रिज काढून जागी मोकळी नळी लावली. कार्बन आत ठेवला तर तोच क्लोरीन गिळेल आणि पलीकडे काही पोचणार नाही. कार्डाप्रमाणे ५० पीपीएम (दहा लाखांत पन्नास भाग). २०० लिटरला मुक्त क्लोरीन १० ग्रॅम. भरल्यावर प्रत्येक नळ, प्रत्येक उपकरणाचा मार्ग, टॉयलेटची बेसिनंसुद्धा उघडून क्लोरीन तपासायची पट्टी गडद होईपर्यंत पाणी सोडलं. टाकीत टाकलं म्हणजे नळापर्यंत पोचलं असं नसतं. ठरलेला वेळ थांबून सगळं काढलं, मग ताज्या पाण्याने धूत राहिलो, नळावरचं क्लोरीन भरणीच्या पाण्याइतकं उतरेपर्यंत. केबिनभर तरणतलावाचा वास.

भरणीच्या गाडीकडेही लक्ष दिलं. होजचं तोंड जमिनीवर पडू नये, टोपण लावलेलं हवं, आणि टॉयलेट सर्व्हिसच्या माणसाने तेच हात घेऊन इकडे येऊ नये. गॅलीत कितीही नेटकी नळी टाका, पाणी या होजमधूनच येतं.

५ एप्रिल

नमुने घेतले. एक गॅलीतून, एक टॉयलेटच्या बेसिनमधून, १०० मिलिलिटर प्रत्येकी. नळाची जाळी आधी काढायची, तोंड पुसून घ्यायचं, बाटलीच्या आतल्या कडेला बोट लागू द्यायचं नाही. बाटलीतली चिमूटभर पांढरी पूड सोडियम थायोसल्फेटची. ती उरलेलं क्लोरीन मारते, नाहीतर ते वाटेतच जंतू मारून नमुना खोटा स्वच्छ दाखवेल. ट्रेनी ती पूड धुऊन टाकायच्या बेतात होता, वेळेत थांबवला.

ही दोन जागांची पद्धत अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या, ईपीएच्या नियमातली आहे. २००४ मध्ये त्यांनी ३२७ विमानं तपासली होती आणि जवळपास १५ टक्क्यांच्या पाण्यात कोलिफॉर्म जंतू सापडले. त्यानंतर २००९ च्या ऑक्टोबरमध्ये विमानांसाठी वेगळा पिण्याच्या पाण्याचा नियम आला, २०११ पासून लागू. त्यातली एक सोय मला आवडते: वर्षातून चार किंवा जास्त वेळा निर्जंतुक करत असाल तर नमुना वर्षातून एकदा; एकदाच किंवा त्याहून कमी करत असाल तर दर महिन्याला. स्वच्छता करायची की तपासणी, निवड तुमची, दोन्ही टाळता येत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेची विमान स्वच्छतेची मार्गदर्शिकाही तिसऱ्या आवृत्तीत २००९ मध्येच आली.

कोलिफॉर्म स्वतः फारसे त्रासाचे नसतात. ते दिसले म्हणजे दुसरं काहीतरी शिरायला वाट आहे, एवढा त्यांचा उपयोग. ई. कोलाय निघाला तर मात्र नळ बंद करून सांगावं लागतं.

८ एप्रिल

दोन्ही नमुने स्वच्छ. नवीन फिल्टर लावला, तारीख लिहिली. कॉफी मेकर आणि बॉयलर विजेवर घेतले. बुडबुडा नाही, दिवा नाही. सिंकची धार मिनिटाला तीन लिटरच्या वर.

११ एप्रिल

चेक फ्लाइटला गॅलीत बसायची परवानगी मिळाली. क्रूझवर केबिनमधला दाब जवळजवळ ८,००० फुटांवरच्या हवेइतका, तिथे पाणी साधारण ९२ अंशांनाच उकळतं. बॉयलरचा सेटिंग त्याच्या खाली ठेवलाय, नाहीतर नळातून वाफ थुंकतो. चहा फिका लागतो अशी तक्रार पुढेमागे येणारच, तिला माझ्याकडे पान्यात उत्तर नाही.

सिंकमध्ये जगच्या जग ओतून पाहिले. झडप प्रत्येक वेळी टप करून मिटते, शिटी नाही. क्रूला फक्त एवढंच सांगितलं की दूध, ज्यूस आणि कॉफीचा चोथा सिंकमध्ये नको. एक पर्सर (केबिन क्रूच्या प्रमुख) म्हणाल्या, "मग टाकायचं कुठे? टर्ब्युलन्समध्ये कचऱ्याच्या पिशवीत दूध ओतून बघा." मुद्दा बरोबर आहे. झाकणाचं टाकाऊ द्रवाचं भांडं ट्रॉली बेमध्ये बसेल का, हे केटरिंगला विचारायला टाकलंय.

उतरल्यावर मॅट उचलून खाली टिश्यू फिरवला, कोरडा. निचऱ्याच्या फरशीतल्या जोडाला हात लावला, तोही.

कागद बंद करण्याआधी पुढच्या गॅलीचं ड्रॉइंग काढून ताडून पाहिलं. तिथे टोपण लावलेला फाटा ड्रॉइंगवरच आहे, मागच्याहून लांब. या भेटीत पुढची गॅली उतरवायला वेळ नाही. फाटा मुळाशी कापून बंद करायचं जॉब कार्ड उघडलंय, पुढच्या ए-चेकला (सी-चेकहून छोट्या तपासणीला), आणि तोवर पुढच्या गॅलीचा नमुनाही वेगळा घ्यायला सांगितलंय.